हेडफोन आणि व्हॉल्व्ह: गिरगावची एक जुनी सोयरीक

भारीतला हेडफोन घेतला की माणूस तिथे थांबत नाही. महिन्याभरात त्याला कळतं की आता वेगळा ॲम्प्लिफायर हवा. मग दोन-तीन रात्री जागून वाचन होतं आणि ॲम्प्लिफायर घ्यायचा तर व्हॉल्व्हचाच, असं त्याच्या मनाने घेतलेलं असतं. आमच्या ऑफिसात सध्या ही साथ आलीय. जेवणाच्या टेबलावर पूर्वी शेअर बाजार आणि ऑनसाइट हे दोनच विषय असायचे. आता 'तुझा किती ओहमचा?' असे प्रश्न ऐकू येतात आणि बाजूच्या टेबलावरचे लोक दचकून बघतात :-)

यातल्या बहुतेकांना वाटतं की हेडफोनला व्हॉल्व्ह जोडणं ही गेल्या पंधरा-वीस वर्षांतली हौस आहे, आणि ती जपान-अमेरिकेतून आपल्याकडे आली. प्रत्यक्षात मुंबईत लोकांनी रेडिओ ऐकायला सुरुवात केली ती कानाला हेडफोन लावूनच. ज्याची ऐपत होती त्याच्या हेडफोनमागे व्हॉल्व्ह असायचा. मधली पन्नास वर्षं व्हॉल्व्हने हेडफोनशी फारकत घेतली आणि तो अख्ख्या चाळीचा, अख्ख्या मैदानाचा झाला. आता तो परत एका माणसाच्या कानाशी येऊन बसलाय. आज या येण्या-जाण्याबद्दल लिहितोय. शेवटी 'घेऊ की नको'चं उत्तरही आहे, पण इतिहास वाचल्याशिवाय ते पटणार नाही.

आधी थोडं इंजिनिअरिंग

घाबरू नका, एकच परिच्छेद. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची कुपी. आत एक तापणारी तार, तिच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड, समोर ते इलेक्ट्रॉन ओढून घेणारा ॲनोड, आणि दोघांच्या मध्ये एक बारीक जाळी, म्हणजे ग्रिड. १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन फ्लेमिंगने जाळी नसलेला व्हॉल्व्ह केला. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यात जाळी घातली आणि जगाचा आवाज बदलला. चाळीतल्या सार्वजनिक नळाची कल्पना करा. टाकीत पाण्याचा मोठा दाब आहे, पण चावी फिरवायला दोन बोटं पुरतात. जाळी म्हणजे ती चावी. बोटांची हालचाल लहान, पाण्याची धार मोठी. जाळीवर येणाऱ्या लहानशा सिग्नलच्या तालावर ॲनोडचा मोठा प्रवाह नाचतो. झालं, हाच ॲम्प्लिफायर. इंग्रजांनी त्याला 'व्हॉल्व्ह' म्हटलं ते याच अर्थाने, आणि आपण तोच शब्द उचलला. 'ट्यूब' हे अमेरिकन नाव. लॅमिंग्टन रोडवर ट्यूब मागितलीत तर आधी ट्यूबलाइट पुढे येण्याची शक्यता आहे.

हेडफोनची कथा याच सुमाराची. अमेरिकेत युटामध्ये नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर हेडफोन बनवले आणि १९१० साली अमेरिकन नौदलाला पाठवले. नौदलाने ते उचलून धरले. त्या काळातल्या हेडफोनच्या आत लोहचुंबकावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असायचे. त्यामुळे त्यांचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, दोन ते चार हजार ओहम असायचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मुंबईच्या कानात पहिला आवाज

१९२१ च्या ऑगस्टमध्ये टाइम्स ऑफ इंडियाने पोस्ट आणि तार खात्याच्या मदतीने आपल्या मुंबईच्या कचेरीतून संगीताचा एक खास कार्यक्रम हवेत सोडला. फर्माईश होती गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची, आणि त्यांनी तो ऐकला पुण्यात बसून. १९२३ साली बॉम्बे रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी प्रक्षेपण सुरू केलं. मग २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. आजही २३ जुलै हा राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळला जातो.

त्या केंद्राची ताकद होती दीड किलोवॅट. आपल्या घरातला गीझर दोन किलोवॅटचा असतो! एवढ्या ताकदीवर साधारण ३० मैलांच्या परिघात नीट ऐकू यायचं. ऐकणाऱ्याकडे दोन पर्याय होते. पहिला म्हणजे क्रिस्टल सेट. गॅलिना नावाच्या खनिजाचा एक खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार, गच्चीवर लांब एरियल आणि कानाला हेडफोन. बॅटरी नाही, वीज नाही, काही नाही. हवेतून जेवढी ऊर्जा येईल तेवढीच कानात जाणार. त्यामुळे हेडफोन ही चैन नव्हती, त्याच्याशिवाय ऐकूच यायचं नाही.

दुसरा पर्याय एक-दोन व्हॉल्व्हचा सेट. यात तार तापवायला एक बॅटरी आणि ॲनोडसाठी कित्येक व्होल्टची दुसरी बॅटरी लागायची. पण आवाज मोठा, आणि दूरचं स्टेशनही पकडता यायचं. आता तो मघाचा आकडा. व्हॉल्व्ह स्वभावाने व्होल्ट भरपूर देणारा आणि प्रवाह जपून देणारा. त्याला समोर हजारो ओहमचा भार आवडतो. दोन-चार हजार ओहमचा हेडफोन म्हणजे त्याला सांगून आलेलं स्थळच. मध्ये ट्रान्सफॉर्मर नको, काही नको, हेडफोन थेट ॲनोडच्या वाटेत जोडायचा. पत्रिका छत्तीस गुणांनी जुळलेली. आज आपण 'मॅचिंग' म्हणून जे शोधत फिरतो, ते १९२७ साली आपोआप होत होतं.

पण ऐकत कोण होतं? रेडिओ परवान्याची वर्षाची फी १० रुपये होती. त्यातला ८० टक्के वाटा कंपनीला मिळायचा आणि त्यावरच कंपनीचा संसार चालायचा. गिरणी कामगाराच्या महिन्याच्या पगारातला हा मोठा तुकडा झाला, आणि सेटचे पैसे वेगळेच. १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबरात परळ-लालबागच्या गिरण्यांमधले जवळपास दीड लाख कामगार संपावर होते. शहराच्या एका टोकाला कोणी कानात संगीत ऐकतोय आणि चार-पाच मैलांवर सहा महिने चूल नीट पेटत नाहीये, असं ते शहर होतं. मुंबई आणि कलकत्ता दोन्ही केंद्रं धरून परवाने आठ हजारांच्या आसपासच अडकले. १ मार्च १९३० ला कंपनीने गाशा गुंडाळला आणि १ एप्रिलपासून सरकारने प्रसारण हातात घेतलं. १९३६ साली त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं.

मला या आठ हजारांच्या आकड्यात कंपनीच्या अपयशापलीकडचं एक कारण दिसतं. हेडफोनवर एका वेळी एकच माणूस ऐकतो. फार तर दोन बाजू सुट्या करून दोघं. हेडफोन वाडग्यात ठेवून त्याभोवती सगळ्यांनी डोकी जमवायची, ही युक्ती तेव्हा जगभर चालायची. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहणाऱ्या शहराला हे यंत्र परवडणारं नव्हतं, आणि त्याच्या स्वभावालाही मानवणारं नव्हतं.

कानातून बाहेर

गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली सुरू झाला. ली डी फॉरेस्टच्या जाळीला अजून तेरा वर्षं अवकाश होता. म्हणजे सार्वजनिक उत्सवाची पहिली कित्येक वर्षं मेळे, पदं, व्याख्यानं हे सगळं निव्वळ गळ्याच्या जोरावर चाललं. टिळकांचं भाषण जिथवर आवाज पोचेल तिथवरच, त्यापुढे तोंडोतोंडी. संगीत नाटकातला नट मागच्या रांगेतल्या पिटातल्या प्रेक्षकापर्यंत आवाज फेकायचा तो छातीतूनच.

१९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी मूव्हिंग कॉइल लाउडस्पीकर सिद्ध केला. कागदाचा शंकू, मागे तारेची कॉइल आणि चुंबक. आजचा स्पीकरही मुळात तोच आहे. पण या कॉइलचा इम्पीडन्स असतो ८-१० ओहम. हजारो ओहमचा भार मागणाऱ्या व्हॉल्व्हला हे स्थळ अजिबात न जुळणारं. मग मध्ये मध्यस्थ आला, आउटपुट ट्रान्सफॉर्मर. सायकलच्या गिअरसारखं त्याचं काम. उदाहरणार्थ ईएल८४ हा पुढे आपल्याकडे घरोघरी पोचलेला व्हॉल्व्ह समोर साधारण ५ हजार ओहम मागतो. स्पीकर ८ ओहमचा. ५००० भागिले ८, त्याचं वर्गमूळ, म्हणजे २५. ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंच्या वेढ्यांचं प्रमाण २५ ला १ ठेवलं की संसार सुरळीत.

या मध्यस्थामुळे व्हॉल्व्ह हेडफोनपासून सुटला आणि मैदानात उतरला. मुंबईत हे काम करणाऱ्यांत ठळक नाव शिकागो रेडिओचं. नावात शिकागो असलं तरी कंपनी मोटवाने कुटुंबाची, सिंधमधून १९१९ साली मुंबईत आलेली. नानक मोटवाने यांनी काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि गांधी-नेहरूंच्या सभांना लाउडस्पीकर पुरवले. ज्या व्हॉल्व्हवर कोणी एकटा साहेब गाणं ऐकत होता, त्याच्याच थोरल्या भावंडांवर आता लाखोंची सभा चालू लागली.

याच माणसांचा आणि याच गिरगावचा पुढचा प्रसंग म्हणजे १९४२ चा काँग्रेस रेडिओ. २०२४ साली त्यावर हिंदी सिनेमा आला, त्यामुळे उषा मेहता हे नाव आपल्या पिढीला निदान ऐकून माहीत झालं. 'चले जाव'च्या आंदोलनात सगळे पुढारी तुरुंगात असताना २२ वर्षांच्या उषाबेन आणि त्यांच्या साथीदारांनी ४२.३४ मीटरवर गुप्त केंद्र चालवलं. ट्रान्समीटर अर्थात व्हॉल्व्हचाच. पोलिसांना चुकवायला तो चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड असा जागा बदलत फिरला. १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावातल्या पारेख वाडीत प्रक्षेपण चालू असताना धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात नानक मोटवाने यांनाही आरोपी म्हणून उभं केलं होतं, ते सुटले.

यात हेडफोन कुठे आला? पाठलाग करणाऱ्यांच्या बाजूला. त्या काळी चोरट्या केंद्राची दिशा शोधायची पद्धत कानानेच चालायची. गोल फ्रेमचा एरियल फिरवायचा, व्हॉल्व्हच्या रिसीव्हरला हेडफोन जोडायचा आणि आवाज ज्या कोनात सगळ्यात बारीक होतो तो कोन नकाशावर आखायचा. दोन ठिकाणांहून दोन रेषा आखल्या की त्या जिथे छेदतात तिथे ट्रान्समीटर. एकाच शहरात एक व्हॉल्व्ह हजारो लोकांशी बोलत होता, आणि दुसरा व्हॉल्व्ह एका माणसाच्या कानात त्याची चहाडी करत होता.

चाळीचा रेडिओ

स्वातंत्र्यानंतरची वीस वर्षं ही व्हॉल्व्हच्या रेडिओची खरी भरभराट. मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको ही नावं घरातल्या माणसांसारखी घेतली जायची. माझी आजी गिरगावातल्या चाळीत वाढली. ती सांगते, त्यांच्या मजल्यावर रेडिओ एकाच बिऱ्हाडात, आणि बटण फिरवल्यावर आवाज यायला अर्धा मिनिट लागायचा. तेवढ्यात बायका हातातलं काम टाकून गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या. डायलवरचा हिरवा 'मॅजिक आय' मिटत आला की स्टेशन नीट लागलं. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला (ती १९५२ साली सुरू झाली), एरवी मुंबई केंद्र. रेडिओवाल्या काकूंना 'आवाज कमी करा' असं कधी कोणी म्हटलं नाही. उलट, 'वाढवा जरा' असा निरोप वरच्या मजल्यावरून यायचा.

१९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाची ५६ गीतं प्रसारित झाली. थोडा विचार करा. ट्रान्झिस्टरवर चालणारा पहिला खिशातला रेडिओ अमेरिकेत बाजारात आला तो १९५४ च्या अखेरीस. म्हणजे बाबूजींच्या मायक्रोफोनमागचा ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा, ट्रान्समीटर व्हॉल्व्हचा, ऐकणाऱ्याच्या घरातला सेट व्हॉल्व्हचा. गदिमांचे शब्द आणि फडक्यांचा गळा सोडला तर वाटेतली प्रत्येक पायरी काचेची होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिवाजी पार्कवर अत्रे गरजायचे तेव्हा कर्ण्यांमागे तापलेले दिवेही हेच.

१९६१ साली बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने देशातच रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला घेतले. गंमत म्हणजे तेव्हा जगाने ट्रान्झिस्टरकडे तोंड फिरवलंच होतं. बीईएलचे ईएल८४ आणि ईसीसी८३ आज परदेशातले शौकीन शोधून शोधून घेतात. आपल्याकडे मात्र कित्येक रेडिओ भंगारात गेले, उरलेले चोरबाजाराच्या मटण स्ट्रीटवर शोभेच्या वस्तू म्हणून मांडलेले दिसतात.

इथे एक सूचना, आणि ही गंमतीत घेऊ नका. असा जुना सेट आणून त्यालाच हेडफोनचं सॉकेट बसवायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. त्या काळातले पुष्कळ सेट 'एसी-डीसी' प्रकारचे होते. त्यांत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, आतला पत्र्याचा सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असतो. प्लग उलटा लागला की तो सांगाडा २३० व्होल्टवर. लाकडी पेटीतला स्पीकर ऐकताना त्याने कोणाचं बिघडत नव्हतं, पण तुम्ही तर डोक्याला तार बांधणार आहात! असा सेट जाणकाराला दाखवल्याशिवाय उघडूसुद्धा नका. सेट एसीचा असला तरी बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट बराच वेळ टिकून राहू शकतात.

हेडफोनचं पुनरागमन

व्हॉल्व्ह मैदानं गाजवत असताना हेडफोन टेलिफोन ऑपरेटर, वायरलेसवाले आणि स्टुडिओ यांच्यापुरता उरला होता. १९३७ साली बर्लिनच्या बायर कंपनीने मूव्हिंग कॉइलचा पहिला हेडफोन, डीटी ४८, काढला. १९५८ साली अमेरिकेत जॉन कॉसने स्टिरिओ हेडफोन घराघरात नेला. १९६८ मध्ये सेनहायझरचा एचडी ४१४ आला. उघड्या पाठीचा, पिवळ्या स्पंजचा, आणि इम्पीडन्स २००० ओहम! जुन्या सोयरिकीची आठवण ठेवल्यासारखा. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला. त्याला दोन छोट्या बॅटऱ्यांवर चालायचं होतं, त्यामुळे इम्पीडन्स झपाझप खाली उतरला. आज मोबाइलला लावायचा हेडफोन १६ ते ३२ ओहमचा असतो. स्टुडिओतल्या परंपरेतले हेडफोन वर राहिले. १९९७ पासून चालत आलेला सेनहायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा, बायरडायनॅमिकचा डीटी ८८० हा ६०० ओहममध्येही मिळतो.

आता 'घेऊ की नको'. व्हॉल्व्हचे हेडफोन ॲम्प्लिफायर मुख्यतः दोन जातींचे. एकात आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे तो मध्यस्थ. तो चांगला गुंडाळलेला असेल तर कुठलाही हेडफोन चालतो, पण चांगला ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग. दुसऱ्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, त्याला ओटीएल म्हणतात. स्वस्तातले बरेचसे हेच. त्यात नेहमी दिसणारा व्हॉल्व्ह ६एएस७, आणि या मांडणीत त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स १०० ओहमच्या घरात जातो.

गणित सोपं आहे. १०० ओहमच्या ॲम्पला ३०० ओहमचा हेडफोन लावला तर व्होल्टेजचा तीन चतुर्थांश भाग हेडफोनला मिळतो. एचडी ६०० चा इम्पीडन्स खर्जाच्या भागात ५०० च्या आसपास चढतो, तिथे पाच षष्ठांश मिळतो. फरक साधारण १ डेसिबल. म्हणजे खर्ज किंचित उचलला जातो. लोक ज्याला 'ऊब' म्हणतात त्यातला एक भाग हा निव्वळ भागाकार आहे! तोच ॲम्प ३२ ओहमच्या हेडफोनला लावला तर पाव भागसुद्धा मिळत नाही. त्यात इम्पीडन्स वरखाली होत असेल तर खर्ज सुजतो, तबल्याचा बायाँ घुमत राहतो. लाखाचा हेडफोन आणि पन्नास हजारांचा ॲम्प असला तरी पत्रिका जुळली नाही तर काडीमोड ठरलेला. ढोबळ नियम असा, की हेडफोनचा इम्पीडन्स ॲम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या निदान आठपट असावा. उंच इम्पीडन्सवाल्या हेडफोनला तिप्पट-चौपटही गोड लागतं, हे चवीचं मत.

ऊबेचा दुसरा भाग विकृतीचा. आजच्या चिपवाल्या ॲम्पपेक्षा व्हॉल्व्ह कितीतरी जास्त विकृती करतो, हे मोजून दाखवता येतं. पण साधा ट्रायोड मूळ स्वरात मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येचा स्वर मिसळतो. षड्ज दिलात तर तोच षड्ज, वरच्या सप्तकातला. तिप्पट कंपनसंख्येचा असेल तर वरच्या सप्तकातला पंचम. ज्यांचे कान तानपुऱ्याच्या जवारीवर वाढलेत त्यांना यात खोट वाटत नाही, भरलेपणा वाटतो. तेव्हा 'व्हॉल्व्ह जास्त खरा आवाज देतो' हे चूक, आणि 'व्हॉल्व्हमध्ये काही नसतं, सगळा भास' हेही चूक. तो आवाजात स्वतःचं थोडं घालतो, आणि ते मोजता येतं. शिवाय जुनी रेकॉर्डिंग ऐकत असाल तर त्यांत व्हॉल्व्ह आधीच मिसळलेला आहे. १९२५ पासून आलेलं इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग पुढची कित्येक वर्षं त्याच्यावरच चाललं.

तर उत्तर: हेडफोन २५०-३०० ओहमच्या वरचा असेल, घरी एका जागी बसून ऐकणार असाल आणि जुनं गाणं आवडत असेल, तर जरूर घ्या. ३२ ओहमचा असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला घ्या, नाहीतर ते पैसे मैफलींच्या तिकिटांवर घाला. व्हॉल्व्हची चिंता नको, स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये ते अजून बनतात.

राहिलं ते

हेडफोनला लागते काही मिलीवॅट ताकद. एक ईएल८४ सहज चार-पाच वॅट देतो. जो दिवा अख्खा मजला ऐकवू शकतो त्याच्या ताकदीचा हजारावा हिस्सा आपण वापरतो, आणि तोही एकट्यासाठी. हे वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी टॉवर आले, पण भिंतीपलीकडचा आवाज काही कमी झालेला नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद केले. सणाच्या दिवसांत खिडकीत उभं राहून त्या आकड्यांचा विचार केला तर हसू येतं. अशा शहरात दोन खोल्यांच्या घरात आई-बाबा, बहीण आणि टीव्ही असताना स्वतःची अशी एक खोली हवी असेल तर ती कानावरच बांधावी लागते. तिचं भाडं एकदाच भरायचं, एवढाच काय तो फायदा.

पण १९२७ मध्ये एकट्याने ऐकणं ही मजबुरी होती आणि लोक त्यातून बाहेर पडायला धडपडत होते. वाडग्यात हेडफोन ठेवून आठ डोकी जमवत होते. आपण तेच एकटेपण पैसे देऊन, निवडून घेतोय. ते चांगल्यासाठीच असेल. फक्त त्या ॲम्पच्या मागे स्पीकर जोडायची सोय आहे का, हे घेताना एकदा बघून घ्या. बऱ्याच मॉडेलना असते. कधीतरी घरातल्या कोणाला वाटलं की आपणही ऐकावं, तर त्यांना 'थांब, माझं झालं की देतो' असं सांगावं लागू नये.

असो. पुढच्या शनिवारी लॅमिंग्टन रोडबद्दल. तो रस्ता रेडिओवरून कॉम्प्युटरवर कसा गेला, हा एक स्वतंत्र लेख आहे.